मंदाग्नीवरची वडी

आमच्या डोंबिवलीच्या घरात स्टीलची एक वाटी आहे आणि तिच्यावर माझे नाव कोरलेले आहे. त्या वाटीवर वास्तविक माझा काडीचाही अधिकार नाही. वसाहतीतल्या महिला मंडळाच्या पाककला स्पर्धेत रताळ्याच्या बासुंदीला उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून ती माझ्या पत्नीला मिळाली होती. तिच्यावर नाव घालून आणण्याचे काम तेवढे माझ्याकडे आले. भांड्यांच्या दुकानातल्या माणसाने कोरणीचे यंत्र हातात घेतले आणि मान वर न करता विचारले, "नाव?" शाळेच्या हजेरीपटापासून शिधापत्रिकेपर्यंत या प्रश्नाला आयुष्यभर मी जे उत्तर देत आलो, तेच तेथेही दिले. यंत्र कुरकुरले आणि काम झाले.

घरी आल्यावर हिने वाटी खिडकीपाशी नेऊन फिरवून फिरवून वाचली. मग एवढेच विचारले, "रताळी तुम्ही किसली होतीत का?"

संस्कृत व्याकरणात कर्ता अध्याहृत ठेवण्याची सोय आहे, हे मी मुलांना तीस वर्षे शिकवले. परंतु कर्त्याच्या जागी भलत्यालाच बसवण्याची सोय कोठेही नाही. ती वाटी पुढे पिठाच्या डब्यात माप म्हणून पडली. अजूनही रोज सकाळी कणीक मळताना माझे नाव पिठात बुडते आणि वर येते.

त्या बक्षीस समारंभात आणखी एक गोष्ट घडली होती, ती मला पुष्कळ उशिरा उमगली. व्यासपीठावरून पुकारा झाला होता तो "सरांच्या मिसेस" असा. ही उठली, वाटी घेतली, नमस्कार करून परत येऊन बसली. मी टाळ्या वाजवल्या. आपण नेमक्या कोणासाठी टाळ्या वाजवत आहोत, हा विचार मनात आला नाही.

आमच्या पिढीत नवरा-बायको एकमेकांची नावे घेत नसत. मी "अगं" म्हणे, ती "अहो" म्हणे, आणि या दोन अव्ययांवर आमचा संसार अठ्ठावीस वर्षे निर्वेध चालला होता. शेजारणी तिला काकू म्हणत, माझे विद्यार्थी बाई म्हणत, माहेरची माणसे ताई म्हणत. लग्नानंतर तिचे नाव बहुधा फक्त मतदारयादीने उच्चारले असेल.

पुढच्या वर्षी, म्हणजे नव्वदीच्या दशकाच्या आरंभी कधीतरी, श्रावणाच्या तोंडावर मंडळाचे पत्रक आले. स्पर्धेचा विषय होता उपवासाचे नावीन्यपूर्ण पदार्थ. हिने ते दोनदा वाचले, घडी घालून मसाल्याच्या डब्याखाली ठेवले आणि म्हणाली, "यंदा बक्षीस नाही मिळालं तरी चालेल. पण नाव पुकारलं गेलं पाहिजे. माझं."

मी म्हणालो, "अवश्य." अवश्य हा शब्द फार सोयीचा असतो. त्यात आपल्याला काही करावे लागत नाही.

याच सुमारास आमच्या घरी ते भांडे आले. माझी मेहुणी ठाण्याला वर्तकनगरात राहते. तिच्या मुलाने परदेशातून तिला विजेवर चालणारे, आत जाड मातीचे पात्र आणि वर काचेचे झाकण असलेले एक पाकयंत्र पाठवले होते. त्यात पदार्थ ठेवून तासन् तास विसरून जायचे, एवढेच त्याचे तंत्र. मेहुणीचा स्वभाव विसरण्याचा नाही. चार दिवसांत कंटाळून ती ते भांडे आणि त्याच्यासोबतचा, विजेचा दाब निम्म्यावर आणणारा विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर रिक्षात घालून, पुढे गाडीने, थेट आमच्या दारात घेऊन आली.

"घ्या भावोजी," ती म्हणाली, "तुमच्यासारखंच आहे. गरम व्हायला दोन तास, आणि एकदा झालं की निवायला चार."

सोबत पाककृतींचे एक इंग्रजी पुस्तकही होते. त्यातल्या एका पानावर शेंगदाणे आणि चॉकलेट यांच्या वड्यांचे रंगीत चित्र होते. हिने त्या चित्रावर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी चष्मा लावून ती कृती मराठीत उतरवून दिली. भाजलेले, सोललेले दाणे तळाशी, त्यांवर चॉकलेटचे तुकडे, झाकण, मंद आच, आणि ठळक अक्षरांत सूचना अशी की मध्ये झाकण उघडू नये.

"पण याला म्हणायचं काय?" हिने त्या भांड्याकडे पाहत विचारले.

"मंद अग्नीवर शिजवते ते मंदाग्नी," मी म्हणालो. शब्द चांगला घडला म्हणून स्वतःशी थोडा प्रसन्नही झालो. आयुर्वेदात याच शब्दाचा अर्थ भूक मंदावणे आणि अन्न न पचणे असा होतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण आपण घडवलेल्या शब्दाच्या प्रेमात पडलेला मनुष्य कोशाकडे वळत नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तळमजल्यावरच्या वहिनींनी हिला विचारले, "काय काकू, नवीन काय?" ही सरळपणे म्हणाली, "आमच्याकडे मंदाग्नी आलाय."

या वहिनी म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्षा. इमारतीतल्या प्रत्येक घराचे दुखणेखुपणे त्या आपल्या पदराच्या गाठीला बांधून असत. संध्याकाळी मी शाळेतून आलो तो त्या दारात हिंगाष्टक चूर्णाची बाटली घेऊन उभ्या.

"सर, पहिल्या घासाला तुपातून घ्या. आणि महिनाभर हरभऱ्याच्या डाळीचं नाव काढू नका."

"वहिनी, ते भांडं आहे."

"हो हो, पोट म्हणजे भांडंच की हो शेवटी," त्या समजूत घालत म्हणाल्या.

पुढले आठ दिवस वाण्यापासून पेपर टाकणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी माझ्या जठराची चौकशी केली. ही आतून ऐकत असे आणि तिच्या बांगड्या हसत असत.

श्रावण सुरू होण्याआधीच्या रविवारी पहिला प्रयोग झाला. चॉकलेटची लादी मी ठाण्याच्या बाजारातून आणली होती. बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानदाराने माझ्या धोतराकडे आणि त्या लादीकडे आळीपाळीने पाहिले होते. वेष्टनावर कोको, साखर आणि दूध यांखेरीज काही नाही, हे मी दोनदा वाचून घेतले. हिने दाणे कढईत खमंग भाजले, हाताने चोळले आणि सुपात घेऊन गॅलरीत पाखडले. लाल फोलपटे उडून खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या साडीवर बसली. दाणे पात्रात गेले, वर चॉकलेट गेले, झाकण बसले, ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागला.

"आता तीन तास तिकडे जायचं नाही," ही म्हणाली आणि वाती वळायला बसली.

मी आयुष्यभर धीराचा उपदेश केलेला मनुष्य आहे. मुलांना मी सांगत आलो की रूपे पाठ होत नसली तर घाई करू नका, ती आपल्या गतीने येतात. तरीही अर्ध्या तासाने मी पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो आणि झाकण उचलून पाहिले. मग पाऊण तासाने पुन्हा. तिसऱ्या वेळी चॉकलेट वितळून चमकत होते आणि मला फार आनंद झाला. झाकण ठेवताना त्याच्या आतून वाफेचे पाच-सहा थेंब टपटप त्या चकाकीत पडले, तेही मी पाहिले. पण थेंबभर पाण्याने काय होणार, असे वाटले.

पाण्याने जे होते ते झाले. तीन तास संपल्यावर हिने डाव घातला तर चॉकलेटने गाठी धरलेल्या. ओल्या मातीसारखा तो काळा रवाळ गोळा दाण्यांना सोडीना आणि ताटाला धरीना.

हिने गोळ्याकडे पाहिले, झाकणाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले.

"किती वेळा?"

"दोनदा," मी म्हणालो. आणि जन्मभर सत्याचे पाठ घेतल्याचे स्मरून लगेच जोडले, "तीनदा."

"मुलांना काय सांगता हो तुम्ही? धीर धरा ना?"

"मुलांना चॉकलेटचा वास येत नसतो."

ती हसली, पण त्या हसण्यात काळजी होती. स्पर्धेला आठ दिवस उरले होते आणि चॉकलेटची अर्धीच लादी शिल्लक होती. तो गोळा आम्ही दोघांनी आठवडाभर चहाबरोबर फोडून फोडून खाल्ला. चव उत्तम होती. पण चवीला रूप नसेल तर परीक्षकांपुढे ती मांडायची कशी?

स्पर्धा श्रावणातल्या पहिल्या सोमवारी दुपारी होती. मी उपवासाची पूजा आटोपली, खाली जाऊन पेपर घेऊन आलो आणि दोरीवर माझा सोवळ्याचा दुसरा पंचा दिसेना. स्वयंपाकघरात पाहिले तर तो चौपदरी घडी होऊन मंदाग्नीच्या झाकणाखाली ताणून बसवलेला, चारही टोके वर घेऊन झाकणाच्या मुठीला बांधलेली.

"अगं, हा सोवळ्याचा!"

"म्हणूनच घेतला," ती शांतपणे म्हणाली. "एकतर वाफ शोषून घेईल, थेंब पडणार नाहीत. आणि दुसरं म्हणजे तुम्ही आत्ता खाली जाऊन पेपरवाल्याला शिवून आलात. आता तो पंचा सोडून झाकण उघडायची तुमची छाती होणार नाही."

हे अकाट्य होते. एका कापडाने तिने वाफही बांधली आणि मलाही बांधले. तास-दीड तासात वीज गेली, तशी ती डोंबिवलीत जायचीच. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण थांबली आणि मी कासावीस झालो. ही मात्र हललीसुद्धा नाही. मातीच्या जाड पात्राने आपली ऊब पोटाशी धरून ठेवली होती. विजेचा पत्ता नसताना त्याने उरलेले काम केले. गाठ सोडून झाकण उघडले तेव्हा आत काळ्या आरशासारखे चॉकलेट होते. हिने दुधाच्या धुतलेल्या पिशव्या उसवून, पालथ्या ताटांवर पसरून, त्यांवर चमच्याने एकेक ठिपका सोडला. निवल्यावर त्या वड्या अलगद सुटल्या. प्रत्येकीतून दोन-तीन दाणे डोके वर काढून बसलेले.

त्या पंच्याला पुढे चार धुण्यांपर्यंत चॉकलेटचा वास येत होता. आम्ही परमेश्वराशी याविषयी काही बोललो नाही; त्यानेही विषय काढला नाही.

मंडळाच्या सभागृहात बायकांनी टेबले लावली होती. प्रवेशपत्रिका यंदा हिने स्वतःच्या हाताने भरली होती. तीत फक्त स्वतःचे नाव लिहिले, माझे नव्हतेच. वहिनींनी पत्रिका चाळताना ते नाव वाचून शेजारणीला विचारले म्हणे, "ही कोण गं? नवीन सभासद?" मग पदार्थ पाहून त्यांच्या लक्षात आले आणि ताटापुढच्या चिठ्ठीवर त्यांनी लोकांना समजेल असे लिहिले: सरांच्या मिसेस. मी मागच्या रांगेतून ती चिठ्ठी वाचली. हिनेही वाचली. तिच्या पदराचे टोक बोटाभोवती फिरू लागले.

परीक्षक म्हणून ठाण्याहून एक प्राध्यापिका बाई आल्या होत्या. त्या आमच्या ताटापाशी पोचल्या, वडी उचलली, इतक्यात वहिनी संकोचत म्हणाल्या, "बाई, हे मात्र बाद होईल असं वाटतं. चॉकलेट उपवासाला चालत नाही."

"असं कोण म्हणतं?"

"आमचे सर," वहिनी म्हणाल्या आणि सरळ माझ्याकडे बोट केले. "पाच-सहा वर्षं झाली. शिवरात्रीला मी मुद्दाम वर जाऊन विचारलं होतं. सर म्हणाले, चालत नाही. तेव्हापासून आमच्या इमारतीत उपवासाला चॉकलेट कुणी तोंडात घातलं नाही. माझ्या मुलांनी तर हट्ट करायचाच सोडला."

सभागृहातल्या यच्चयावत माना वळल्या. हिचीही वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. वाटी वाचताना खिडकीपाशी जी होती, तीच नजर होती.

मला ती शिवरात्र आठवली. मी चाचणी परीक्षेच्या वह्या तपासत होतो. दारातून प्रश्न आला आणि लाल शाईचे पेन न थांबवता मी म्हणालो, "चालत नाही." ग्रंथ उघडला नव्हता. विचार केला नव्हता. एवढेच कशाला, विचारणारीचे तोंडही पाहिले नव्हते. भांड्यांच्या दुकानातल्या माणसानेही मला नाव विचारताना मान वर केली नव्हती. त्याचे मला तेव्हा वाईट वाटले होते.

मी उभा राहिलो.

"वहिनी म्हणतात ते खरं आहे," मी म्हणालो. "मी तसं सांगितलं होतं. परंतु ते शास्त्र नव्हतं. मी वह्या तपासत होतो. ते शब्द मी परत घेतो."

"अहो सर," वहिनी कळवळून म्हणाल्या, "माझी मुलं मोठी होऊन नोकरीला लागली हो!"

हशा उसळला. तो ओसरल्यावर मी पुढे म्हणालो, "पदार्थ माझ्या घरचा आहे, तेव्हा तो चालतो असा निर्णय मी देणं योग्य नाही. एवढं मात्र सांगतो. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, ही सारी मंडळी समुद्रापलीकडून आली. जुन्या ग्रंथांना त्यांची ओळखही नव्हती. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कोणीतरी एकदा म्हणालं असेल, चालतं, आणि आज त्यांच्यावाचून आपला उपवास होत नाही. कोको हा त्यांचाच गाववाला. त्याला उशिरा आला म्हणून दाराबाहेर ठेवायचं की आत घ्यायचं, ते आपण सगळ्यांनी ठरवावं."

प्राध्यापिका बाईंनी तोवर वडी खाऊन टाकली होती. "दाणे चालतात, दूध चालतं, साखर चालते," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "चौथं हे एका फळाचं बी. मी तरी आत घेतलं."

निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक शिंगाड्याच्या कानवल्यांना गेला, आणि तो योग्यच होता. मी ते खाल्ले होते. मग बाईंनी दुसरी चिठ्ठी उचलली. "दुसरा क्रमांक, चॉकलेट-दाण्याची वडी. सरांच्या..." त्या थांबल्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "मिसेसना नाव असेल ना काही?"

वहिनींनी तोंड उघडले आणि मिटले. अठरा वर्षांचा शेजार; पण पत्रिका टेबलाच्या खणात होती आणि तिच्यातले नाव त्यांना आठवेना. ही उभी राहिली होती. ती स्वतः सांगू शकली असती. तिने सांगितले नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली.

मी नाव घेतले. आवाज थोडा घोगरा आला. अठ्ठावीस वर्षांनी बाहेर काढलेल्या वस्तूला थोडा गंज असायचाच. बायकांनी एकच गलका केला, "असं नाही सर! उखाण्यात! उखाण्यात घ्या!"

"छंदात बसवायला वेळ लागेल," मी म्हणालो.

"मंद आचेवर करा!" वहिनी ओरडल्या. "आम्ही झाकण नाही उघडत!"

शेवटी जे सुचले ते म्हणालो:

"मंदाग्नीवर दाणे, दाण्यांवर चॉकलेटची साय,
अमुकचं नाव घेतो, आता झाकण उघडू काय?"

'अमुक'च्या जागी जे नाव होते ते मी येथे लिहीत नाही. या लेखात कोणाचेच नाव घातलेले नाही, आणि तिचे एकटीचे घातले तर ती पुन्हा विचारील, "लेख मी लिहिला होता का?" वृत्तदोषाकडे विद्वानांनी दुर्लक्ष करावे. बाईंनी ते नाव पुन्हा एकदा ध्वनिक्षेपकावरून पुकारले, नीट, सावकाश. ही पुढे गेली आणि स्टीलचे एक फुलपात्र घेऊन आली.

त्यावर नाव घालायला ती स्वतः गेली. मी बरोबर होतो, पिशवी धरून. त्याच माणसाने मान वर न करता विचारले, "नाव?" तिने उत्तर दिले. ते तिने इतक्या मोठ्याने सांगितले की त्याला मान वर करावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसलो तर देवापुढे नैवेद्याचे दूध त्या फुलपात्रात. आता पूजेला लोखंड-पोलाद वापरू नये, हा संकेत मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्याकडे तांब्याची, चांदीची भांडी त्यासाठीच आहेत. मी मान वर केली. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पिठाचे हात पदराला लागू नयेत असे धरून.

"काय?" तिने विचारले. "स्टील चालत नाही?"

मी फुलपात्र हातात घेतले, काठावरचे नाव वाचले आणि खाली ठेवले.

"पाहून सांगतो," मी म्हणालो.

त्याला आता बरीच वर्षे झाली. माझे पाहणे चालू आहे. दूध रोज त्यातच असते.